चुन्याची खूण

एका शेतकऱ्याने जुनी जीप घेतली. इंजिन बांधून घेतलं, रंग दिला, नवं हूड शिवलं. मग त्याला मोठ्या टायरचा मोह झाला. हा मोह भल्याभल्यांना सुटत नाही. गाडीला 215/75 आर 15 मापाचे टायर होते. त्याने 235/75 चे घातले. व्यास 3 सेंटिमीटर वाढला, म्हणजे वरच्या अंगाला दीडच. रुंदी वाढली 2 सेंटिमीटर. अंगणात गाडी उभी करून त्याने टायर आणि मडगार्डच्या मध्ये हात घातला. हात सहज गेला. शेतकरी खूश झाला.

पहिल्याच मोठ्या वळणावर खर्रकन आवाज आला.

तो गॅरेजात गेला. मिस्त्री गावाला गेलेला. शिकाऊ पोरगा एकटाच होता.

"पुढनं काहीतरी घासतंय," शेतकरी म्हणाला.

"मडगार्डच असणार," पोरगा म्हणाला. त्याने ग्राइंडर लावला आणि पुढच्या दोन्ही मडगार्डचा दोन-दोन बोटं पत्रा उडवला. नवा रंगही गेला.

दुसऱ्या दिवशी शेतकरी घरची माणसं भरून जत्रेला निघाला. वळणावर आवाज होताच. आता खड्ड्यात मागूनही येऊ लागला. जळक्या रबराचा वास सुटला. त्याने गाडी तशीच गॅरेजला आणली.

मिस्त्री आला होता. कापलेला पत्रा त्याने पाहिला, पण तो काही बोलला नाही. त्याने चुना कालवायला सांगितला. चारही टायरना ओला चुना फासला. मागे चार माणसं बसवली, वर दोन पोती टाकली. स्टिअरिंग एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला फिरवलं. मग एकेक चाक लाकडी ठोकळ्यावर हळूच चढवलं.

"आता वाकून बघ, चुना कुठं लागलाय."

पोरगा गाडीखाली गेला. कापलेली कड कोरडी होती. पुढचा चुना आतल्या अंगाला, पाट्यांना लागला होता. मागचा लागला होता चाकावरच्या पत्र्याला.

"स्पेसर टाकू? चाक बाहेर येईल," पोरगा म्हणाला.

"बाहेर आलं की उरलेल्या मडगार्डला लागेल. बेअरिंगवर जोर येईल तो वेगळाच."

मिस्त्रीने स्टिअरिंगच्या स्टॉपरचा बोल्ट थोडा बाहेर काढला. चाक आता जरा कमी वळू लागलं आणि पाट्यांपासून सुटलं. मागचे पाटे बसले होते. ते उतरवून पाटेवाल्याकडून पुन्हा बाक देऊन आणले. झिजलेली बंप स्टॉपची रबरं बदलली. शेवटी कापलेल्या पत्र्याची धार आत वळवून ठोकली, कारण तशी धार टायर चिरते. पुन्हा माणसं बसवली, पुन्हा चुना फासला. या वेळी तो कुठेच लागला नाही.

"पण अंगणात माझा हात जात होता की!" शेतकरी म्हणाला.

"उभ्या, रिकाम्या गाडीत जागा असतेच," मिस्त्री म्हणाला. "मोजायची ती भरलेल्या आणि वळलेल्या गाडीची."

पत्रा कापल्याची मजुरी त्याने बिलातून काढली. आता घराजवळच्या बोळात जीप एका दमात वळत नाही, एकदा मागे घ्यावी लागते. शेतकरी घेतो.