नवस आणि गोळी

माझ्या मुलाला चौथ्या वर्षी नेफ्रोटिक सिंड्रोम हा मूत्रपिंडाचा आजार झाला. सकाळी डोळ्यांभोवती सूज, लघवीला फेस. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळीने दहा दिवसांत लघवीतली प्रथिनं थांबली, पण वर्षभरात आजार चारदा उलटला. रोज पहाटेच्या लघवीत प्रथिनं तपासायची पट्टी बुडवायची, रंग पाहून वहीत लिहायचं. सलग तीन दिवस 3+ आलं की डॉक्टरांना फोन.

तिसऱ्यांदा उलटला तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "मागच्या जन्माचं भोगतोय बिचारा." त्या रात्री मला झोप लागली नाही. एवढ्याशा लेकराकडे मागच्या जन्माचा हिशेब मागणारा देव मला मान्य नाही. सासूबाईंचा खंडोबा मान्य आहे. त्या जेजुरीला नवस बोलल्या, पोराच्या कपाळाला भंडारा लावला, आणि गोळी मात्र रोज स्वतःच्या हाताने, पोटभर भात खाऊ घालूनच दिली. बरं केलं कोणी, देवाने की गोळीने, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. मला पडायचा, आता पडत नाही.

आजार पुन्हा उलटू नये म्हणून आता त्याला एक दिवसाआड लेव्हामिसोल चालू आहे. तुमच्या घरी असं मूल असेल, तर नवस जरूर करा. पण स्टेरॉइड एकाएकी बंद करू नका, ते जिवावर बेतू शकतं.