हात का थरथरतो?

हात थरथरला. आधी हे कबूल करतो, मग पुढचं.

१ ऑगस्टला, अण्णाभाऊंच्या जयंतीला, शहरातल्या एका सभागृहात मी हलगी घेऊन उभा राहिलो. पुढच्या रांगेत मास्तर, वकील, दोन गाण्यातले जाणकार. त्यातल्या एकानं आधीच विचारलं होतं, "कुठं शिकलात?" मांगवाड्यात, असं सांगायला काय झालं होतं? मी म्हणालो, "असंच." त्या 'असंच'नं घात केला. उजव्या हातातलं टिपरू पडायचं तिथं पडेना, डावीकडची काडी एकटीच पळत सुटली. टाळ्या पडल्या. दयेच्या टाळ्या ओळखू येतात.

रात्री चार पानं लिहून काढली. हजारो वर्षांनी माझा हात थरथरवला, वगैरे. बापाला वाचून दाखवली. तो म्हणाला, "समदं खरं आसंल लेका. पर कातडं तापिवलं व्हतंस का?"

नव्हतं. सभागृहात जाळ कोण करू देणार? पावसाळी हवेत कातडं ओल धरतं, सैल पडतं, आवाज बद्द येतो. बद्द आवाज ऐकून मन दचकतं, मनगट आवळतं, आवळलेल्या मनगटाला लय सापडत नाही. मग सुरवात कातड्यानं केली का मनानं? शिवाय तिसऱ्या पाळीचं निमित्त सांगून तीन आठवडे मी हलगीला शिवलो नव्हतो. तेही व्यवस्थेच्या खात्यावर मांडू? मांडता येईल. बाप हसेल.

गिरणीत रिंगफ्रेमवर हाच हात तुटलेला धागा झटक्यात जोडतो. तिथं त्याच्यावर माझी नजर नसते. त्या दिवशी मात्र मी वाजवणाऱ्या स्वतःलाच बघत बसलो, तेही पुढच्या रांगेच्या डोळ्यांनी.

वाचनालयात होरोविट्झबद्दल वाचलं. जगभर नावाजलेला पियानोवादक, पण १९५३ ते १९६५, बारा वर्षं लोकांसमोर वाजवायला बसला नाही. स्टेजची धास्ती त्यालाही होती म्हणे. वाचून बरं वाटलं, लगेच रागही आला. मिळवलेलं नाव जाईल ही एक भीती. इथं तू कसा, असं कुणी विचारील ही दुसरी. छातीत धडधड सारखीच होत असेल. पण दोन्हीवर एकच औषध चालेल?

बापाचं उलटं. पाटलाच्या वरातीपुढं, पालखीपुढं त्यानं अनवाणी, मान खाली घालून जन्मभर वाजवलं. हात एकदा चुकला नाही. वाजवून झालं की लांबून टाकलेले पैसे वेचायचे. याला आत्मविश्वास म्हणायचं? विश्वास हातात होता, 'आत्म' गावानं ठेवून घेतला होता. (आपण आत्मा मानत नाही, पण शब्द तर तोच आहे.) माझ्याकडं ते थोडंफार आलं, तर हात गेला. लाज वाटायला आधी माणूस व्हावं लागतं, हे समजतं. पण त्या समजण्यावर हलगी वाजत नाही.

आमच्यातली काही पोरं म्हणतात, फेकून द्या ती गुलामीची खूण. त्यांचा राग मला कळतो. पण १९३०च्या दशकात आंबेडकरी जलसे गावोगाव फिरले तेव्हा त्यांनी तमाशाचाच बाज घेतला, त्यातलं घाण ते टाकलं आणि आपलं म्हणणं त्यात भरलं. वाजवणारे हात आपल्याच लोकांचे होते. त्यांतला एखादा पहिल्या दिवशी थरथरला असेल का? हे कुणी लिहून ठेवत नाही.

सध्या पाळी सुटल्यावर ओढ्याकडेला बसतो. बाप कागद-काटक्यांचा जाळ करतो, कातडं शेकतो, टिचकी मारून बघतो. काल म्हणालो, "आबा, मान वर करून वाजवा बघू."

त्यानं मान वर केली. दोन फेरे नीट गेले. तिसऱ्याला हात चुकला.

तो माझ्याकडं बघत राहिला. मग काही न बोलता हलगी परत जाळावर धरली.