यंत्र कुणाचे, वेळ कुणाचा

भाडे भरणे म्हणजे पैसा पाण्यात, हप्ता भरला तर चार भिंती तरी आपल्या होतात, हे मध्यमवर्गीय मराठी घराने पिढ्यान्‌पिढ्या जपलेले शहाणपण. तेच मनात धरून नवा उद्योजक आपल्या सॉफ्टवेअर कंपनीसाठी संगणक घ्यायला निघतो आणि तिथे फसतो. घराखालच्या जमिनीचा भाव चढतो, संगणकाचा उतरत जातो. आयकराच्या हिशेबातही संगणकावर दरसाल 40 टक्के घसारा धरतात; लाखाचे यंत्र तीन वर्षांत वहीत 21,600 रुपयांचे उरते.

समजा, पुण्यात वीस जणांची कंपनी आहे. प्रत्येकाला लाखाचा लॅपटॉप म्हणजे 20 लाख रुपये. सरासरी पगार 50 हजार असेल, तर हे सगळ्यांचे दोन महिन्यांचे पगार झाले. ग्राहकाचे बिल साठ-नव्वद दिवसांनी वसूल होते. मधल्या काळात पगार अडले तर माणसे निघून जातात, आणि अशा कंपनीकडे माणसांखेरीज असते काय? आता तेच लॅपटॉप भाडेपट्ट्याने घेतले, महिना 3,200 रुपये धरले, तर तीन वर्षांत एका यंत्रामागे 1,15,200 रुपये जातात आणि शेवटी यंत्रही परत द्यावे लागते. भाड्यात व्याज दडलेले असतेच. भाडे खर्चात धरता येते हे खरे. पण विकत घेणाऱ्याला घसारा मिळतोच. त्यामुळे केवळ कर वाचवण्यासाठी भाडेपट्टा, हा सल्ला अर्धाच हिशेब सांगतो.

उरलेला अर्धा हिशेब वेळेचा आहे. विकत घेतलेले यंत्र टाकवत नाही. ‘अजून चालतंय की’ म्हणत ते पाचव्या, सहाव्या वर्षीही टेबलावर राहते. तोवर प्रोजेक्ट फुगलेला असतो, कोडपासून चालता प्रोग्राम तयार व्हायला (बिल्डला) लागणारा वेळ वाढलेला असतो आणि प्रोग्रामर पडद्याकडे बघत बसलेला असतो. महिन्याचे 22 दिवस, रोजचे आठ तास धरले तर 50 हजार पगाराच्या माणसाचा रोजचा अर्धा तास महिन्याला सुमारे 3,100 रुपयांना पडतो. म्हणजे जे भाडे वाचवले म्हणून आपण समाधानी होतो, जवळजवळ तेवढेच आपण गुपचूप भरत असतो. ही रक्कम कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही. तुटलेली एकाग्रता तर मोजताही येत नाही.

मग भाडेच बरे? इतिहास सावध करतो. आयबीएम ही अमेरिकी संगणक कंपनी आपली यंत्रे प्रामुख्याने भाड्यानेच देत असे. 1956 साली अमेरिकेतल्या न्यायालयीन तडजोडीने तिला ती विकायलाही भाग पाडले. 1959 साली जाहीर झालेले तिचे 1401 हे यंत्र भारतात मात्र सत्तरच्या दशकातही भाडे कमावत होते, तोवर जग पुढच्या पिढीवर गेले होते. यंत्र कधी बदलायचे हे भाडेकरूच्या हातात नव्हते. 1978 साली परकीय भांडवलाच्या अटींवरून आयबीएम देश सोडून गेली, तेव्हा प्रश्न उभा राहिला की ही यंत्रे आता सांभाळायची कुणी?

म्हणून भाडेपट्ट्यावर सही करताना दरमहाच्या आकड्याइतक्याच बारकाईने अटी वाचाव्यात. मुदतीआधी परत दिले तर दंड किती? मेमरी वाढवू देणार का? बिघडल्यास बदली यंत्र किती दिवसांत? परत देताना डिस्क कुणी पुसायची? त्या डिस्कवर ग्राहकाचा सोर्स कोड असतो, आणि तो चुकीच्या हाती गेला तर कोणतेही भाडे त्याची भरपाई करू शकत नाही.

माझ्या मते, काम किती पुढपर्यंत दिसते आहे, यावर निर्णय सोपवावा. वर्षभराचे कंत्राट हाती असेल आणि पुढचे धूसर असेल, तर भाड्याने घ्यावे. रात्रंदिवस सारख्याच भाराने चालणारा सर्व्हर किंवा चाचणीचे यंत्र, जे जुने झाल्याने काम अडत नाही, ते विकत घ्यावे. पुण्यात 1981 साली सुरू झालेल्या इन्फोसिसकडे आरंभी स्वतःचा संगणक नव्हता. पहिला संगणक 1983 साली आला. तोवर काम थांबले नव्हते, कारण कसब स्वतःचे होते.

आयबीएम गेल्यावर तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीने अंगावर घेतली. मालक निघून गेला तरी यंत्रे चालू राहिली, ती इथल्या अभियंत्यांच्या हातांमुळे. लॅपटॉप खुशाल भाड्याचा असू द्या. तो उघडून पाहण्याची, त्यातले काम दुसऱ्या यंत्रावर हलवण्याची तयारी मात्र आपल्या घरची असू द्या. घसारा लागत नाही तो एवढ्याच गोष्टीला.