अपंग मुलाची पोटगी कोणाची?

घर सोडून वेगळा राहणारा बाप मुलासाठीं जें द्रव्य देतो, तें दान आहे कीं देणें आहे? दान असेल तर तें देणाऱ्याच्या मर्जीवर राहिलें. देणें असेल तर त्याचें धनी तें मूल होय. हा भेद लहान दिसतो खरा, परंतु अमेरिकेंतील अपंग मुलांविषयींचा कायदा पाहिला असतां त्याचें महत्त्व ध्यानांत येईल.

त्या देशांत ‘पूरक सुरक्षा उत्पन्न’ अशा अर्थाच्या नांवाची सरकारी मदत १९७४ सालापासून गरीब वृद्धांस, अंधांस व अपंगांस मिळत आहे. घेणाऱ्याजवळ राहतें घर, एक मोटार व अशाच कांहीं वस्तु वगळून २,००० डॉलरांहून अधिक माया असूं नये, अशी अट आहे. बहुतेक राज्यांत या मदतीबरोबर मेडिकेड नामक औषधोपचाराची सोयही मिळते, आणि पुष्कळ अपंगांस ती रोख पैशाहून मोलाची असते.

आतां अडचण पाहा. बापाकडून येणारी पोटगी सरकारच्या हिशेबीं मुलाचें उत्पन्न ठरते. मूल अठरा वर्षांच्या आंत असेल तर तिचा तिसरा हिस्सा वगळतात. पुढें तीही सवलत जाते. समजा, बाप दरमहा ६०० डॉलर देतो; तर २० डॉलरांची साधारण सूट वजा जातां, वयांत आलेल्या अपंग मुलाच्या मदतींतून ५८० डॉलर कापले जातील. बापानें दिलें तें सरकारनें वळतें केलें, आणि मूल होतें तेथेंच राहिलें.

यावर १९९३ सालच्या कायद्यानें एक वाट ठेविली आहे. पासष्ट वर्षांखालील अपंगाच्या नांवें ट्रस्ट करावा, आणि पोटगी न्यायालयाच्या हुकुमानें, पुन्हां फिरवितां येणार नाहीं अशा रीतीनें, त्या ट्रस्टास लावून द्यावी. म्हणजे ती उत्पन्नांत धरली जात नाहीं. विश्वस्तानें तो पैसा केवळ त्या मुलाच्याच हितासाठीं, शिक्षण, प्रवास, चाकांची खुर्ची अशा कामीं वेंचावा. मुलाच्या हातीं रोख दिली किंवा घरभाडें भरलें, तर मदत पुन्हां कमी होते.

कोणी म्हणेल, ‘ही तर पळवाट झाली. बाप पैसा देत असतां मुलास गरीब म्हणवून लोकांच्या करांतून मदत घेणें प्रामाणिकपणाचें आहे काय?’ हा आक्षेप हलका नाहीं. परंतु कपट अंधारांत चालतें. येथें न्यायाधीश हुकूम देतो, सरकारी कचेरी ट्रस्टाचा कागद तपासते, आणि त्या अपंगाच्या मरणानंतर जें उरेल त्यांतून मेडिकेडनें केलेला खर्च आधीं परत करावा लागतो. जेथें सर्व कांहीं उघड आहे व उरलेलें परत द्यावयाचें आहे, तेथें लबाडी म्हणतां येत नाहीं.

याहून कठीण प्रश्न आईचा आहे. कालपर्यंत त्याच पोटगींतून ती भाडें भरीत होती व पीठमीठ आणीत होती. आज तो पैसा विश्वस्ताच्या हातीं गेला. पैसा मुलाचा हें खरें, पण त्या मुलास रात्रंदिवस उचलणारे हात उपाशी राहिले तर मुलाचेंच हित बुडालें. म्हणून पोटगी ट्रस्टास लावण्यापूर्वीं आईची भाकर कोठून येईल हें पाहणें, हाही न्यायाचाच भाग आहे.

आणि बापानेंही दोन गोष्टी ओळखाव्या. मुलगा अठरा वर्षांचा झाला म्हणून आपलें देणें फिटलें असें त्यानें समजूं नये. जें मूल कधींच आपल्या पायांवर उभें राहूं शकत नाहीं, त्याची पोटगी पुढेंही चालावी असें तेथील पुष्कळ राज्यांचे कायदे सांगतात. दुसरें, विश्वस्ताकडे पैसा पोंचला म्हणजे बाप मुलाकडे पोंचला असें होत नाहीं. ट्रस्ट खुर्ची विकत घेईल. खुर्चीजवळ बसणें बापाचेंच काम आहे.

वाचकहो, दुबळ्याचें जें त्याचें त्यास देतांना उपकाराची भाषा आपल्या तोंडीं येऊं नये. देणें फेडणाऱ्यानें मान खालीं घालून फेडावें, आणि तें ज्याचें आहे त्याच्याच कामीं लागलें कीं नाहीं, हें शेवटपर्यंत पाहावें.