नुसता वास घेतला तर?

काकडीचे टोक कापून, त्याच तुकड्याने घासून चीक काढताना जो हिरवट, ओलसर वास नाकात शिरतो, तो क्षणभर आधी त्या काकडीत जवळजवळ नव्हताच. अख्खी काकडी नाकाशी धरली तर फारसे काही हाती लागत नाही. सुरी फिरते, पेशी फुटतात, आतल्या मेदाम्लांची विकरांशी आणि हवेतल्या प्राणवायूशी गाठ पडते आणि काही सेकंदांत ‘नॉनाडायेनल’ नावाचा रेणू तयार होतो. काकडीचा म्हणून जो वास ओळखला जातो, तो मुख्यतः या रेणूचा.

एकदा रेणू सापडला की काकडीची गरज संपते. तो कारखान्यात बनतो, बाटलीत भरला जातो आणि सरबतापासून साबणापर्यंत कुठेही घालता येतो. निसर्गानेही तो काकडीपुरता राखून ठेवलेला नाही. व्हायोलेटच्या पानांत तो असतो. युरोपातल्या नद्यांत येणारा स्मेल्ट नावाचा मासा ताजा असला की त्याला काकडीचा वास येतो, तोही याच रेणूमुळे. काकडीच्या वासातला दुसरा घटक, ‘नॉनेनल’, जपानी संशोधकांना २००१ मध्ये उतारवयातल्या माणसांच्या अंगगंधात सापडला. भाजी, मासा आणि म्हातारपण यांचा असा एकाच वासात संगम होतो. तेव्हा बाटलीवर काकडीचे चित्र छापणे ही विकणाऱ्याची सोय झाली, बाटलीतल्या रेणूचा काकडीच्या वेलाशी काही संबंध असेलच असे नाही.

ही बाटली आता वेप, म्हणजे ई-सिगारेट, ओढणाऱ्यांच्या घरीही पोहोचली आहे. अमेरिका, ब्रिटनमध्ये वेपमधले द्रावण घरी बनवणाऱ्या हौशी लोकांचा एक वर्गच आहे. प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, हवे असेल तर निकोटीन आणि वासाचा अर्क, एवढेच साहित्य. छोट्या काट्यावर थेंब थेंब वजन करायचे, बाटली हलवायची आणि लोणच्यासारखी काही दिवस मुरत ठेवायची. काकडीचा अर्क उग्र असतो, जरा हात सैल पडला की बाकी सगळे वास झाकून टाकतो. म्हणून पुदिना, खरबूज किंवा लिंबाच्या जोडीला तो अगदी जपून घातला जातो. या मंडळींचे समर्थन ठरलेले असते: यात तंबाखू नाही, जाळ नाही, धूर नाही. निकोटीनही वगळले तर उरतो तो नुसता वास. नुसत्या वासावर कुणी आक्षेप का घ्यावा?

प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. वास घेणे ही कृती आहे की नुसते घडणे? वास आत घेतला म्हणजे काही ‘सेवन’ केले का? धर्मशास्त्रे, दर्शने आणि फतवे या प्रश्नाशी वेपच्या कितीतरी आधीपासून झुंजत आले आहेत.

न्याय-वैशेषिक दर्शनांचे उत्तर सर्वांत सरळ आहे. सतराव्या शतकात अन्नंभट्टाने लिहिलेला ‘तर्कसंग्रह’ संस्कृत पाठशाळांत आजही पहिल्या पाठांत शिकवला जातो. त्यात पृथ्वीची ओळखच गंधावरून दिली आहे: जिथे गंध, तिथे पृथ्वी. पाण्याला वास आला तर त्यात पार्थिव कण मिसळले आहेत असे समजायचे. गुण कधी निराधार तरंगत नाही, तो कुठल्या तरी द्रव्याला धरूनच असतो. याचा अर्थ नुसता वास नावाची वस्तूच जगात नाही. वास आला म्हणजे द्रव्य आले, नाकात काही तरी शिरले. रसायनशास्त्राची परिभाषा वेगळी असली तरी या एका मुद्द्यावर दोघांचे जमते.

मात्र कापण्यापूर्वीची काकडी नैयायिकांची परीक्षा पाहणारी आहे. दगडाला वास का येत नाही, या आक्षेपावर त्यांचे उत्तर असे, की वास असतो पण प्रकट नसतो. दगडाचे भस्म केले की तो जाणवतो. काकडीला हे उत्तर लागू पडत नाही. तिच्या आत वास लपून बसलेला नसतो, तो कापताना नव्याने जन्मतो. पण कार्य कारणात आधीपासून नसते, ते नव्याने उत्पन्न होते, हा तर न्याय-वैशेषिकांचाच सिद्धांत. कार्य कारणात आधीच असते असे म्हणणाऱ्या सांख्यांशी त्यांनी त्यावरून शतकानुशतके वाद घातला. काकडी त्या वादात नैयायिकांच्या बाजूने साक्ष देते. वैशेषिकांची आणखी एक गोष्ट इथे कामाची आहे. अग्नीच्या संयोगाने पार्थिव द्रव्याचे रूप, रस, गंध, स्पर्श पालटतात असे ते मानत. या पालटलेल्या गुणांना त्यांनी ‘पाकज’ म्हटले. वेपमधली तापलेली तार हेच करते. बाटलीत जे होते ते आणि वाफेतून जे आले ते, एकच आहे असे धरून चालता येत नाही.

द्रव्य आत गेले, हे ठरले. पण द्रव्य तर पाणी पितानाही आत जाते. मग मर्यादा कुठे मोडते?

महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत एकादशीला काकडी चालते. दाण्याचे कूट आणि जिरे घातलेली कोशिंबीर उपवासाच्या ताटात हमखास असते. व्रताला बाध न आणणाऱ्या आठ गोष्टी परंपरेने सांगितल्या आहेत. पाणी, कंदमुळे, फळे, दूध, हविष्य आणि औषध या वस्तू त्यात येतात, शिवाय ब्राह्मणाची इच्छा आणि गुरूची आज्ञाही येते. दुसरीकडे, उपवास कशाने मोडतो याचीही यादी आहे. त्यात पुन्हा पुन्हा पाणी पिणे आहे, दिवसा झोपणे आहे आणि एकदासुद्धा विडा चघळणे आहे. पोटभर फळे खाल्ली तर उपवास टिकतो आणि विड्याच्या एका पानाने मोडतो! पोटाच्या हिशेबाने हे अजब वाटते. पण शास्त्रकारांचा हिशेब पोटाचा नव्हताच. विड्याने भूक भागत नाही, चैन भागते. व्रत कुठे मोडते हे त्यांनी अन्नाच्या वजनावरून ठरवले नाही, भोगाच्या हेतूवरून ठरवले. हीच फूटपट्टी लावली तर काकडीची कोशिंबीर उपवासाला चालेल आणि काकडीच्या वासाची वाफ विड्याच्या पंगतीला जाऊन बसेल.

इस्लामी न्यायशास्त्र याच ठिकाणी दुसऱ्या वाटेने पोहोचते. रमजानच्या रोज्यात अत्तराचा किंवा गुलाबाचा वास घेतल्याने रोजा तुटत नाही. रस्त्यावरची धूळ किंवा चुलीचा धूर नकळत घशात गेला तरी तुटत नाही. पण धूपदाणी जवळ ओढून तिचा धूर मुद्दाम आत घेतला, तर तुटतो. दमास्कसचे एकोणिसाव्या शतकातले हनफी पंडित इब्न आबिदीन यांनी हा भेद स्पष्ट करून ठेवला आहे: गुलाबाने किंवा कस्तुरीने सुगंधित झालेली हवा वेगळी आणि आपल्या कृतीने शरीरात ओढलेला धुराचा पदार्थ वेगळा. आजच्या बहुतेक फतव्यांत वेपने रोजा तुटतो असेच सांगितले जाते, त्यात निकोटीन असो वा नसो. दम्याच्या इनहेलरबद्दल मात्र मतभेद आहेत आणि अनेक विद्वान त्याला मुभा देतात. दोन्हीकडे फवारा, दोन्हीकडे फुप्फुस. पण एकाच्या मागे गरज आहे आणि दुसऱ्याच्या मागे हौस.

अमेरिकेतल्या मॉर्मन पंथाला हा प्रश्न घरच्याच तरुणांमुळे सोडवावा लागला. त्यांच्यात तंबाखू टाळण्याचा उपदेश १८३३ सालापासूनचा. वेपमध्ये तंबाखूचे पान नसते, मग ते चालते का? ऑगस्ट २०१९ मध्ये पंथाच्या युवकांसाठीच्या मासिकाने उत्तर दिले: चालत नाही. तंबाखूचे पान नाही या पळवाटेला तिथे थारा मिळाला नाही.

वासाबद्दलचा सर्वांत नेमका संवाद मात्र बौद्धांच्या संयुत्तनिकायात आहे. कोसल देशातल्या एका वनात राहणारा भिक्षू भिक्षेहून परतल्यावर तळ्यात उतरून कमळाचा वास घेत असे. वनदेवतेने त्याला हटकले: हे फूल तुला कुणी दिले नाही, तरी तू त्याचा वास घेतोस, ही चोरीच झाली, तू गंधचोर आहेस. भिक्षूने आजच्या कुणाही वेपकराने दिले असते तेच उत्तर दिले. मी फूल तोडत नाही, नेत नाही, लांबून नुसता वास घेतो. तिकडे लोक कमळाचे कंद उपटतात, फुले खुडतात, त्यांना का नाही बोलत? देवता म्हणाली, तसल्या मळलेल्या माणसाशी मला काही बोलायचे नाही. पण निर्मळ राहण्याचा ज्याचा प्रयत्न आहे, त्याच्या अंगावरचा केसाच्या टोकाएवढा डागही ढगाएवढा दिसतो. भिक्षूने तिचे आभार मानले आणि पुन्हा असे दिसले तर पुन्हा सांग, अशी विनंती केली. त्यावर देवता म्हणते, मी काही तुझी नोकर नाही. तुझे भले कशात आहे ते तुझे तूच ओळख.

कंद उपटणाऱ्याच्या जागी सिगारेट ठेवली की आजचा वाद जसाच्या तसा उभा राहतो. ‘निदान सिगारेट तर नाही ना’ हे वेपच्या बाजूचे सर्वांत भक्कम विधान आहे आणि ते खोटेही नाही. वर्षानुवर्षे सिगारेट ओढणाऱ्या प्रौढाने ती सोडण्यासाठी वेप घेतले तर त्याचे नुकसान कमी होते, अशी ब्रिटनच्या आरोग्ययंत्रणेची भूमिका आहे. अशा माणसासमोर नाकाने कांदे सोलण्याचे कारण नाही. इनहेलरसारखी थोडी गरजेची बाजू त्याच्याकडे आहे. पण ज्याने सिगारेटला कधी हात लावला नाही, त्याला हे समर्थन उसने घेता येत नाही. शेजारी कंद उपटतो म्हणून माझा वास घेणे निर्दोष, हे देवतेने मानले नव्हते.

आणि नेमक्या याच माणसासाठी काकडी कामाला लागते. अमेरिकेतल्या जूल कंपनीच्या वेपमध्ये ‘कूल कुकुंबर’ नावाचा एक प्रकार होता. शाळकरी मुलांमध्ये वेपची साथ पसरल्याची ओरड झाल्यावर कंपनीने नोव्हेंबर २०१८ मध्ये दुकानांतून आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये ऑनलाइन विक्रीतूनही तो काढून घेतला. त्याबरोबर आंबा, फळे आणि क्रीमचे प्रकारही गेले. तंबाखूचा वास पहिल्यांदा ओढणाऱ्याला परका वाटतो, ठसका आणतो. काकडी थंड, सोज्वळ, कोशिंबिरीतली. निकोटीनला तिने चारित्र्याचा दाखला मिळवून दिला.

घरी बनवणाऱ्याच्या बाटलीत निकोटीन नसेलही. तरी एक गैरसमज उरतोच: जे खाल्लेले चालते ते ओढलेलेही चालेल. खाद्यपदार्थांतल्या अर्कांची सुरक्षितता पोटासाठी तपासलेली असते, फुप्फुसासाठी नाही. अमेरिकेत मिझुरी राज्यातल्या जॅस्पर गावी पॉपकॉर्नच्या कारखान्यातले कामगार २००० साली फुप्फुसाच्या गंभीर आजाराने ग्रासलेले आढळले. कारण निघाले लोण्याच्या वासाचा डायअॅसिटिल, जो खायला चालतो. २०१९ मध्ये अमेरिकेतच वेपशी जोडलेल्या फुप्फुसरोगाची लाट आली आणि फेब्रुवारी २०२० पर्यंत ६८ मृत्यू नोंदले गेले. तिच्यामागचा मुख्य संशयित होता ई जीवनसत्त्वाचा अॅसिटेट, जो गोळ्यांतून आणि त्वचेच्या क्रीमांतून रोज वापरला जातो. तो बहुतेक गांजाच्या अर्काच्या, अनधिकृत ठिकाणी भरलेल्या वेपमध्ये सापडला. वासाचे काही अल्डिहाइड प्रोपिलीन ग्लायकॉलशी बाटलीतच जोडले जातात आणि श्वासमार्गाला चुरचुरणारी नवी संयुगे बनवतात, हे व्हॅनिला, बदाम आणि दालचिनीच्या वासांबाबत २०१८ मध्ये दाखवले गेले. बाटली मुरत ठेवणाऱ्याला त्यात काय मुरते आहे हे काट्यावर दिसत नाही.

तेव्हा मूळ प्रश्नाचा निवाडा असा: नुसता वास घेणे ही कृती आहे, आणि ती मुद्दाम, भोगासाठी, श्वासातून केली की तिचा हिशेब काकडीच्या खात्यावर टाकता येत नाही, तो ओढणाऱ्याच्याच नावावर चढतो. बाटलीत काय नाही याची यादी कितीही लांब केली तरी उपवास, रोजा किंवा शील यांपैकी कुठल्याही कसोटीवर ती पुरी पडत नाही.

भारतात हा वाद कायद्यानेही एका वाक्यात मिटवला आहे. २०१९ च्या ई-सिगारेट प्रतिबंध कायद्याने ई-सिगारेटची व्याख्या करताना, निकोटीन आणि वास असो वा नसो, पदार्थ तापवून ओढण्याजोगी वाफ बनवणारे उपकरण असे म्हटले आहे. अशा उपकरणाचे उत्पादन, आयात, विक्री किंवा जाहिरात केल्यास पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.