वस्ताद कशासाठी?

मारामारी आणि युद्धकला यांत भेद कोणता, असे विचारले तर बहुतेक जण कौशल्याकडे बोट दाखवतील. एकाचा ठोसा आंधळा, दुसऱ्याचा अभ्यासलेला. हे उत्तर मला अपुरे वाटते. सराईत गुंडही सरावानेच तरबेज झालेला असतो, तरी त्याला कोणी कलावंत म्हणत नाही. मग कलेचे लक्षण शोधावे कोठे? आणि ते एकट्याने, ग्रंथ वाचून किंवा मोबाइलवरील चित्रफिती पाहून अंगी बाणवता येईल काय? मुलामुलींना कराटे-ज्युदोच्या वर्गाला धाडणाऱ्या पालकांनी तरी हा प्रश्न निव्वळ तात्त्विक समजू नये.

गुरूविना विद्या साधते, या पक्षाला मोठा साक्षीदार आहे. सतराव्या शतकातील जपानी खड्गवीर मियामोतो मुसाशी याने आपल्या ग्रंथात नमूद केले आहे की, वयाच्या तेराव्या वर्षापासून तिशीच्या उंबरठ्यापर्यंत साठाहून अधिक द्वंद्वे तो लढला, एकही हरला नाही, आणि कोणत्याही कलेत त्याला गुरू नव्हता. त्याचा शब्द आपण मान्य करू. पण १६४५ साली, मृत्यूपूर्वी, तो ग्रंथ त्याने आपल्या शिष्याच्या हाती सोपवला, हेही ध्यानात घ्यावे. शिवाय त्या द्वंद्वांतील काही पराभूतांना आपली चूक सुधारण्याची संधी पुन्हा लाभली नाही. दुसऱ्याच्या प्राणावर शिकणे ही त्या स्वयंशिक्षणाची किंमत होती, आणि ती मुसाशीने मोजलेली नाही.

ज्युदोचे जनक जिगोरो कानो (१८६०–१९३८) यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. टोकियोत विद्यार्थी असताना ते जुजुत्सू शिकत. तेथे फुकुशिमा नावाचा एक धिप्पाड सहाध्यायी त्यांना काही केल्या आवरेना. कानो ग्रंथालयात गेले. पाश्चात्त्य कुस्तीवरील पुस्तकात त्यांना प्रतिस्पर्ध्याला खांद्यांवर उचलून टाकण्याचा एक डाव सापडला आणि फुकुशिमा आडवा झाला. ‘काता-गुरुमा’ या नावाने तो डाव ज्युदोत आजही शिकवला जातो. विद्या पुस्तकातून आली, हे खरेच. पण ते पुस्तक वाचणाऱ्या शरीराला तोल सांभाळणे आणि पडणे गुरूंनी आधी शिकवले होते, आणि डाव पडताळून पाहण्यासाठी हाडामांसाचा फुकुशिमा समोर उभा होता. चित्रफीत हवे ते दाखवू शकेल, पण आपली पकड सैल आहे की नाही, हे तिला कळत नाही.

१८८२ साली टोकियोतील एइशोजी मंदिरात, अवघ्या बारा चटयांच्या जागेत, कानोंनी ‘कोदोकान’ ही संस्था सुरू केली. ‘जुत्सू’ म्हणजे तंत्र आणि ‘दो’ म्हणजे मार्ग. जुजुत्सूचे ज्युदो करताना त्यांनी केवळ नाव पालटले नाही. घातक प्रहार त्यांनी मुक्त झुंजीतून वगळले आणि ठरावीक हालचालींच्या पाठांपुरते ठेवले. त्यामुळे विद्यार्थ्यांना प्रतिस्पर्ध्याच्या जिवाची भीती न बाळगता पूर्ण ताकदीने झुंजता येऊ लागले. तेथे पहिला पाठ पाडण्याचा नसतो, पडण्याचा असतो. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम फार साधा आहे: गळा आवळला गेला वा कोपर पिरगळले गेले की खालच्याने हाताने दोनदा थोपटायचे, वरच्याने तत्क्षणी सोडायचे. युद्धकलेचे लक्षण मला या थोपटण्यात दिसते. दुसऱ्याने आपली मान विश्वासाने आपल्या हाती दिली आहे, तो मोडू शकणारा हात थांबतो, आणि उद्या तोच सोबती पुन्हा समोर येतो. गुंडापाशी सारे काही असते, हे नसते.

असे थांबणे एकट्याने शिकता येत नाही. त्याला सोबती लागतो, आणि दोघांवर नजर ठेवणारा, हात घसरलाच तर त्याची जबाबदारी आपली मानणारा तिसरा लागतो. केरळच्या कळरीत मर्मस्थानांचे ज्ञान सर्वांत शेवटी, शिष्याची पारख झाल्यावरच देतात. आणि ते देणारे गुरुक्कळ तेल-मर्दनाने लचकलेले सांधेही बरे करतात. आपल्याकडे ‘वस्ताद एक डाव राखून ठेवतो’ असे म्हणतात. याला कोणी वस्तादाचा मत्सर म्हणतील, आणि क्वचित तो असेलही. पण पठ्ठा माजला तर त्याला आवरण्याची सोय कोणीतरी ठेवायलाच हवी.

मात्र गुरूचे एवढे माहात्म्य सांगताना द्रोणाचार्य आडवे येतात. एकलव्याला त्यांनी जवळ केले नाही. तो मातीच्या पुतळ्यासमोर एकटाच शिकला, अर्जुनालाही धडकी भरावी इतके शिकला. विद्या देताना जे गुरू नव्हते, ते दक्षिणा घेताना गुरू झाले आणि उजव्या हाताचा अंगठा मागून बसले. गुरूविना शिकता येते, याचा हा सज्जड पुरावा म्हणून पुष्कळ जण सांगतात. मला त्यात दुसरेच काही दिसते. त्या अरण्यात सामर्थ्य आवरणारे कोणी हवे होते, ते एकलव्यापेक्षा द्रोणांनाच अधिक. आचार्यांच्या मागणीला ‘थांबा’ म्हणणारे तेथे कोणी नव्हते.

म्हणून वर्गाची चौकशी करताना शिक्षकाचा काळा पट्टा पाहून भारावून जाऊ नये. ज्युदोत त्या पट्ट्याच्या पहिल्या श्रेणीला ‘शोदान’ म्हणतात, म्हणजे आरंभीची पायरी. त्यापेक्षा दाराशी अर्धा तास उभे राहावे. एखादे पोर खालून थोपटते तेव्हा ते शिक्षकाला प्रथम ऐकू येते की नाही, आणि मुले स्वतः शिक्षकाला ‘दुखतंय’ असे निर्भयपणे सांगू शकतात की नाही, तेवढे पाहावे.