बंदुकीच्या अलीकडे

पालावान बेटापासून सुमारे २०० किलोमीटरवर, दक्षिण चीन समुद्रातल्या सेकंड थॉमस शोल या प्रवाळखडकावर शंभर मीटर लांबीचे एक जहाज रुतून बसले आहे. नाव ‘बीआरपी सिएरा माद्रे’. दुसऱ्या महायुद्धात रणगाडे किनाऱ्यावर उतरवण्यासाठी अमेरिकेने ते बांधले. व्हिएतनाममध्ये ते राबले, नंतर फिलिपिन्सकडे आले आणि १९९९ साली फिलिपिन्सच्या आरमाराने ते मुद्दाम या खडकावर चढवले. गंजून पत्र्याला आरपार भोके पडली आहेत. आत मूठभर सैनिक राहतात. त्यांचे तांदूळ, पाणी, डिझेल सगळे होडीने पोचवावे लागते. तरी कागदोपत्री हे जहाज आजही आरमाराच्या सेवेत आहे. ते मोडीत काढायला मनिलातले एकही सरकार धजावलेले नाही.

त्याचे कारण कायद्यात आहे. ३० ऑगस्ट १९५१ रोजी अमेरिका आणि फिलिपिन्स यांनी परस्पर संरक्षण करार केला. त्याचे पाचवे कलम सांगते की, मुख्य भूमी, पॅसिफिकमधली अखत्यारीतली बेटे, तसेच पॅसिफिकमधले सैन्य, सरकारी जहाजे आणि विमाने यांवरचा सशस्त्र हल्ला या करारात मोडतो. हा खडक ज्या समूहात येतो त्या स्प्रॅटली बेटांवर मनिलाने रीतसर हक्क सांगितला तो १९७८ मध्ये, करारानंतर २७ वर्षांनी. ती बेटे कुणाची, यावर अमेरिका अजूनही मत देत नाही. म्हणजे नुसत्या खडकावर कुणी चाल केली, तर वकील वर्षानुवर्षे वाद घालत बसतील. सेवेतल्या जहाजाबद्दल असा वाद नाही. खडकाचे रक्षण जहाज करत नाही. जहाजामुळे खडक कराराच्या कक्षेत ओढला जातो.

हे शहाणपण अनुभवातून आलेले. सप्टेंबर १९९१ मध्ये फिलिपिन्सच्या सिनेटने अमेरिकी तळांची मुदतवाढ १२ विरुद्ध ११ मतांनी फेटाळली. पुढच्या वर्षी अमेरिकेने सुबिक बेचा तळ सोडला. १९९५ च्या सुरुवातीला स्प्रॅटलीतल्याच मिस्चिफ रीफवर चिनी बांधकाम उभे असल्याचे उघड झाले. तळ गेले म्हणून चीन आला, असा हिशेब मनिलात मांडला जातो. मला तो अर्धाच पटतो. कारण २०१२ मध्ये करार होता, अमेरिकी सैन्याची येजाही होती, तरीही याच समुद्रातले स्कारबरो शोल हातचे गेले. दोन महिने दोन्ही देशांची जहाजे समोरासमोर उभी राहिली. अमेरिकेने मध्यस्थी केली, फिलिपिन्सने जहाजे मागे घेतली, चीनचा ताबा मात्र राहिला. एकही गोळी झाडली गेली नाही, आणि म्हणूनच कराराला तोंड उघडण्याचे कारण उरले नाही. या समुद्रातल्या हक्कांबाबतचा २०१६ चा आंतरराष्ट्रीय निवाडा फिलिपिन्सच्या बाजूने लागला. चीनने तो धुडकावला.

तेव्हापासून कराराचा अर्थ ताणला जातो आहे. दक्षिण चीन समुद्र पॅसिफिकमध्येच धरला जाईल, अशी ग्वाही अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री माइक पॉम्पेओ यांनी २०१९ मध्ये मनिलात दिली. २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तटरक्षक दलही स्पष्टपणे आले. चीनने सशस्त्र हल्ल्यापासून तेवढेच अंतर राखून आपली हत्यारे निवडली: पाण्याच्या तोफा, डोळे दिपवणारे लेझर, जहाजाला जहाजाची धडक.

३१ मे २०२४ रोजी राष्ट्राध्यक्ष मार्कोस सिंगापूरमध्ये म्हणाले की, मुद्दाम केलेल्या कृतीत एखादा फिलिपिनो मेला तर ती युद्धकृतीच्या अगदी जवळ जाईल. १७ जूनला सिएरा माद्रेकडे रसद नेणाऱ्या रबरी होड्यांवर चिनी तटरक्षक सुरे आणि कुऱ्हाडी घेऊन चालून गेले. होड्या फाडल्या गेल्या आणि एका फिलिपिनो नौसैनिकाचा अंगठा तुटला. राष्ट्राध्यक्षांचे तेव्हाचे कार्यकारी सचिव लुकास बर्सामिन यांनी आधी हा गैरसमज किंवा अपघात असावा असे सांगितले. संरक्षणमंत्री तेओदोरो यांनी ते खोडून काढले: कृती हेतुपुरस्सर होती. पण सशस्त्र हल्ला? तसे म्हणायला मार्कोसही तयार झाले नाहीत.

याला भेकडपणा म्हणणे सोपे आहे. पण मुळात कराराच्या चौथ्या कलमात प्रत्येक देश ‘आपापल्या घटनात्मक प्रक्रियेनुसार’ पाऊल उचलेल, एवढेच वचन आहे. एकावरचा हल्ला तो सर्वांवरचा, हे नाटोचे वाक्य इथे नाही. असा करार हुंडीसारखा असतो: कुणी वठवायला नेत नाही तोवर तिची पत शाबूत. बीजिंगला ती पत मोडायची आहे, पण आजमावायची नाही. वॉशिंग्टनला ती टिकवायची आहे, पण मोजून द्यायची नाही. आणि मनिलाला दोघांच्या मनातले ठाऊक आहे. म्हणूनच रसद पोचवायला अमेरिकेने मदत देऊ केली, तेव्हा मनिलाने आधी आमचे आम्ही पाहतो असे कळवले आणि जुलै २०२४ मध्ये थेट चीनशीच रसदीपुरता तात्पुरता समझोता केला. त्यानंतर होड्या पोचू लागल्या.

यात आपला, भारताचा, संबंध येतो तो ब्रह्मोसमुळे. २०२२ मध्ये फिलिपिन्सने ही क्षेपणास्त्रे सुमारे ३७.५ कोटी डॉलरना घेतली, एप्रिल २०२४ मध्ये पहिली खेप पोचली. कुणाच्याही लष्करी गटात न जाणाऱ्या दिल्लीने कुणाच्या वतीने लढण्याचे वचन न देता शस्त्र दिले, हे धोरण म्हणून मला शहाणपणाचे वाटते. मात्र पाण्याच्या तोफेला ब्रह्मोस हे उत्तर होऊ शकत नाही.

या सगळ्यात फिलिपिन्सच्या किनाऱ्यावरच्या मासिनलोकचे मच्छीमार कुठे बसतात? स्कारबरोच्या खाऱ्या तळ्यात पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणाऱ्यांना आता चिनी जहाजे दुरूनच पिटाळतात. त्यांचा परंपरागत हक्क २०१६ च्या निवाड्याने मान्य केला आहे. पण त्यांची होडी सैन्याची नाही, सरकारी जहाजही नाही; पाचव्या कलमाच्या यादीत ती येतच नाही.